जुन्या मोटारीची नवी धाव

जुनी वस्तू जतन करावी, याविषयी आपल्या सुशिक्षित घरांत सहसा दुमत आढळत नाही. दुमत होते ते जतन करणे म्हणजे नेमके काय करणे, या प्रश्नापाशी. आजीची पितळी समई चिंचेने घासून ठेवली की तिचे जतन झाले. पोथी रेशमी फडक्यात बांधून कपाटात ठेवली की तिचेही झाले. परंतु वाड्याची गोष्ट अशी नाही. वाड्यात माणसे राहतात. म्हणून त्याची कुजलेली तुळई बदलावी लागते, फुटलेली कौले उतरवून नवी चढवावी लागतात, आणि एवढे करूनही वाडा तोच राहतो. जुन्या मोटारीची गणना समईत करावयाची की वाड्यात, हा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या घरात उपस्थित झाला. त्यास निमित्त झाले ते टायरांचे. नवे टायर घ्यावयाचे ते जुन्या घडणीचे, ज्यांस जाणकार बायस प्लाय आणि आपल्याकडील दुकानदार सरसकट नायलॉन टायर म्हणतात, की हल्लीच्या सर्व मोटारींना असतात तसे रेडियल, एवढाच वरकरणी वाद. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु धावती मोटार जमिनीला टेकते ती जेमतेम तळहाताएवढ्या चार ठिकाणी, आणि आत बसलेल्यांचे प्राण त्या चार ठिकाणांवर अवलंबून असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे तो क्षुल्लक वाटत नाही.

आमच्या सांगलीच्या घरी १९५४ सालची मॉरिस मायनर आहे. आमच्या तीर्थरूपांनी ती वकिलीच्या भरभराटीच्या काळात दुसऱ्या हाताने घेतली. त्यांच्या पश्चात ती बरीच वर्षे पडवीत ताडपत्री पांघरून उभी होती. अलीकडे आमच्या पुतण्याने, जो यंत्रविद्येचा पदवीधर आहे, तिचे इंजिन दुरुस्त करवून तिला पुन्हा चालती केली. आमचे थोरले बंधू, ज्यांस घरात सर्वजण दादा म्हणतात, वयाच्या शहात्तराव्या वर्षीही तिचे सुकाणू दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. दसऱ्यास गणपतीचे दर्शन आणि श्रावणात नरसोबाची वाडी हे त्यांचे ठरलेले प्रवास, आणि मागच्या आसनावर नातवंडे. या गाडीस कमरपट्टे नाहीत. चारही चाकांचे ब्रेक जुन्या ड्रम पद्धतीचे. पुतण्याने एके दिवशी चाकांपाशी बसून पाहिले, तो टायरांच्या वरच्या नक्षीस फारशी झीज नव्हती, परंतु कुशींवर उन्हाळ्यातील काळ्या रानासारख्या बारीक भेगा पडलेल्या होत्या. दादांच्या जमाखर्चाच्या वहीत टायरखरेदीची नोंद सापडली ती १९९८ सालची. टायर बदलावयास हवेत याविषयी मग वाद उरला नाही. कोणते घ्यावयाचे याविषयी मात्र घराचे दोन तट पडले. दादा म्हणाले, "गाडी ज्या पायांनी जन्मली, त्याच पायांनी चालेल." पुतण्या म्हणाला, "दादा, गाडी जन्मली तेव्हा रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर नव्हते." आम्ही जन्मभर शाळेत दोन्ही पक्ष मांडून मग सिद्धान्ताकडे वळावे असे शिकविले, तेव्हा ग्रंथ चाळणे, जाणत्यांस विचारणे आणि दोन्ही पक्ष ऐकून घेणे हे काम ओघानेच आमच्याकडे आले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

आपल्या बैलगाडीच्या चाकास लोखंडी धाव असते. लोहार ती तापवून, फुगवून चाकावर चढवितो आणि पाणी ओतून आवळतो. ती सैल राहिली तर वाटेत निसटते. अति आवळली तर लाकडी पाटे उलतात. धाव चांगली की वाईट हे निराळे सांगता येत नाही, या चाकास ती बसते की नाही एवढेच सांगता येते. मोटारीची धाव रबराची आणि आत हवा भरलेली. तिची कल्पना रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ साली पेटंट घेऊन मांडली. पण ती विस्मृतीत गेली, आणि बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने १८८८ साली तिला सायकलीच्या चाकावर नवा जन्म दिला. १८९५ साली फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनी पॅरिस ते बोर्दो आणि परत अशा शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार चालवून दाखविली. परंतु नुसते रबर हवेचा दाब सोसू शकत नाही. फुग्यासारखे फुगत जाते. त्यास आवरण्याकरिता आत दोऱ्यांचे थर घालावे लागतात. प्रथम ते सुती असत, पुढे रेयॉन आणि नायलॉन आले. हे दोरे कोणत्या दिशेने घालावयाचे, यातच आपल्या दोन पक्षांचा सारा भेद आहे.

जुन्या पद्धतीत एका थराचे दोरे एका बाजूस तिरपे आणि पुढील थराचे दुसऱ्या बाजूस तिरपे, असे एकमेकांस छेदीत चाकाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात. आम्ही हे ओसरीवर समजावून सांगत असता आमच्या वहिनी आतून म्हणाल्या, "म्हणजे उरेब कापड की!" आम्हांस इतका नेमका शब्द कोणत्याही ग्रंथात मिळाला नसता. उरेब पट्टी ज्यांनी शिवली आहे त्यांस ठाऊक आहे, की तिरपे कापलेले कापड चहूकडे थोडथोडे ओढले जाते आणि वळणावर सहज बसते. बायस प्लाय टायर तसाच. त्याची कूस आणि तळवा एकाच देहाचे भाग असतात. एक वाकला की दुसराही हलतो. म्हणून असा टायर खड्ड्यावर अंग चोरून जातो, परंतु वळणावर त्याचा तळवाही मुरडतो आणि जमिनीशी असलेली पकड कमी होते. चाक फिरताना एकमेकांस छेदणारे दोरे कात्रीच्या पात्यांप्रमाणे उघडझाप करीत असतात. त्या घर्षणाने टायर तापतो, झिजतो आणि इंधनही अधिक खातो. रस्त्यावर लांबच लांब चाकोरी पडलेली असेल तर तो तिच्या मागे ओढला जातो. नायलॉनचा टायर रात्रभर उभा राहिला म्हणजे जमिनीला टेकलेला भाग किंचित चपटा होतो, आणि सकाळी पहिला मैलभर गाडी लंगडत चालते. तापली की मग सुरळीत होते.

नव्या पद्धतीत मुख्य दोरे चाकाच्या आऱ्यांच्या दिशेने, कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे जातात. म्हणून तो रेडियल, आपल्या संस्कृतात अरीय. परंतु एवढ्याने तळवा स्थिर राहिला नसता, म्हणून त्याखाली, बहुधा पोलादी तारांचे, पट्टे चाकाभोवती कमरबंदासारखे आवळलेले असतात. याची मागणी मिशेलिन कंपनीने ४ जून १९४६ रोजी पेटंट कचेरीत नोंदविली आणि १९४९ साली 'मिशेलिन एक्स' या नावाने तो टायर बाजारात आणला. यात कूस आपल्यापुरती वाकते आणि तळवा आपल्यापुरता सपाट राहतो. दोहोंचे व्यवहार विभक्त. एकत्र कुटुंबाच्या अभिमान्यांस हे रुचणार नाही, तरी रबराच्या बाबतीत ही वाटणी हितावह ठरली आहे. ओल्या रस्त्यावर पकड अधिक, घर्षण कमी, आयुष्य दुप्पटीच्या आसपास. अमेरिकेने बरीच वर्षे टाळाटाळ केली; तेथील लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क तीन ही गाडी १९७० साली कारखान्यातूनच रेडियल लावून निघाली. आता साध्या मोटारींत जुन्या घडणीचा टायर उरलेला नाही. आपल्याकडे तो ट्रॅक्टरांच्या आणि अनेक मालगाड्यांच्या चाकांवर अजून दिसतो.

येथवर वाचून कोणी म्हणेल की निकाल लागला, रेडियल घ्यावा. आमचा पुतण्याही प्रथम तेच म्हणत होता. परंतु धाव आणि चाक यांचे नाते विसरून चालत नाही. रेडियलची पकड अधिक म्हणजे वळणावर रिम, हब आणि खालच्या सांध्यांवर येणारा जोरही अधिक. जुन्या गाडीच्या अभियंत्याने हा जोर गृहीत धरलेला नव्हता. त्याच्या हिशेबात टायर थोडा सरकून तो जोर सोडून देत असे. जुने पोलादी चाक, विशेषतः बोल्टांच्या भोकांपाशी, अशा ताणाने उलू शकते. तारांच्या आऱ्यांचे चाक असेल तर अधिकच जपावे लागते. अमेरिकेतील पॉन्टियाक कंपनीला १९७० नंतरच्या दशकात रेडियल स्वीकारताना गाडीचे खालचे अंग त्याच्याशी जुळवून घ्यावे लागले, आणि तिने ही गोष्ट गाड्यांवर अभिमानाने मिरविली. उलट, १९५५ सालची सिट्रोएन डीएस किंवा १९६३ सालची रोव्हर २००० या गाड्या जुन्या असूनही त्यांची रचनाच रेडियल समोर ठेवून झालेली होती; त्यांना 'अस्सल जुनेपणा'च्या हौसेने बायस प्लाय चढविणे म्हणजे जुनेपणाचा विपर्यास होय. तात्पर्य, बायस म्हणजे जुने आणि रेडियल म्हणजे नवे, हे समीकरणच सदोष आहे. त्या त्या गाडीच्या जन्मकाळी तिच्या अंगाशी काय जुळले होते, हे पाहिले पाहिजे.

याच न्यायाने काही प्रकरणे आपोआप निकाली निघतात. फोर्ड कंपनीची मॉडेल टी, जी १९०८ ते १९२७ पर्यंत निघत होती, तिच्या जुन्या चाकांत टायर रिमच्या वळलेल्या कडेत अडकवून बसविलेला असतो आणि ५५ पौंडांच्या आसपास हवेने आवळून धरावा लागतो. तेथे रेडियलची गोष्टच काढू नये. १९३० च्या पूर्वीच्या उंच, अरुंद चाकांच्या गाड्या केवळ संचलनात हळूहळू चालवावयाच्या असतील, तर त्यांस जुनाच टायर शोभतो आणि पुरतो. अमेरिकेत चॅटनूगा येथील कोकर टायर ही कंपनी जुन्या नमुन्यांचे टायर आजही तयार करते, आणि बाहेरून बायससारखे दिसणारे परंतु आतून रेडियल असेही काढते. आमच्या मॉरिस मायनरचे प्रकरण मात्र दोहोंच्या मधले. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी रचलेली ही गाडी १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात प्रथम दिसली. अंगाने हलकी, पुढे पीळ खाणाऱ्या दांड्यांची स्प्रिंग, सुकाणूला दातेरी पट्टीची नेमकी रचना. तिचा मूळ टायर ५.००-१४, म्हणजे रुंदी सुमारे ५ इंच आणि रिम १४ इंच. त्याच रिमवर बसणारा १४५ आर १४ हा रेडियल मिळतो. त्याची रुंदी १४५ मिलिमीटर, म्हणजे ५.७ इंच, मधले 'आर' हे अक्षर रेडियलचे.

येथे एक धोक्याची गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण काटकसरी घरांत ती हमखास सुचते. आमच्या घरातही सुचली: "तूर्त दोन रेडियल घेऊ, उरलेले दोन पुढच्या वर्षी." यास आमच्या शास्त्रात अर्धजरतीय न्याय म्हणतात, अर्धी कोंबडी रांधावयास आणि अर्धी अंडी घालावयास ठेवू म्हणणाऱ्याच्या शहाणपणाचा तो सख्खा भाऊ. एकाच आसावर एक बायस आणि एक रेडियल हे तर सर्वथा वर्ज्य. परंतु पुढे रेडियल आणि मागे बायस हेही तितकेच घातक, कारण वळणावर पुढची चाके घट्ट धरतात, मागची सुटतात, आणि गाडी स्वतःभोवती फिरते. इंग्लंडच्या कायद्याने ही जोडी निषिद्ध ठरविली आहे. म्हणून बदलावयाचे तर सर्व चाके, आणि पाचवे, राखीव चाकही. नाही तर वाटेत पंक्चर झाल्यावर तीच निषिद्ध जोडी आपल्या हातून होते.

आणखी दोन-चार गोष्टी मुलांना फळ्यावर लिहून द्याव्यात तशा देतो. टायरच्या कुशीवर भाराचा आकडा असतो; ७६ असेल तर त्या टायरास ४०० किलो भार सोसतो. त्यापुढील अक्षर वेगाचे. एस असेल तर ताशी १८० किलोमीटर. जुने रिम ट्यूबशिवाय टायर धरण्यासाठी घडविलेले नसतात, म्हणून रेडियल घेतला तरी ट्यूब घालावी, आणि तीही रेडियलला चालणारी व योग्य मापाची. हवेचा दाब जुन्या पुस्तिकेत पाहून भरू नये. तो बायससाठी लिहिलेला आहे. नव्या टायराची बाहेरील उंची थोडी निराळी असली तर वेगदर्शक काटा थोडा खोटे सांगू लागतो, याचेही भान ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जन्मतारीख. २००० सालापासून टायरवर चार आकडे छापण्याची रीत आहे; २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. जुन्या मोटारी फार थोड्या चालतात. त्यांचे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होऊन मरतात. ऊन आणि हवेतील ओझोन रबर ठिसूळ करतात. दहा वर्षांवर टायर वापरू नये असे अनेक उत्पादक सांगतात, मग नक्षी कितीही शाबूत दिसो. नवा बायस आणि शिळा रेडियल यांत निवड करावयाची झाली, तर आम्ही नवा बायस निवडू.

कायद्याकडे पाहिले तर तोही उपयोगाचा प्रश्न पुढे करतो. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या मोटारींसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक झालेली, सांगाडा, देह आणि इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, संचलन, अभ्यास, इंधन आणि दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, नित्याच्या वापरास नव्हे. जो ही नोंदणी घेऊन गाडी प्रदर्शनापुरती ठेवणार, त्याची गाडी समईच्या वर्गात गेली. त्याने परीक्षकांच्या डोळ्यांस अस्सल दिसणारा बायस प्लाय घ्यावा आणि संथ चालवावे. ज्याच्या गाडीची नेहमीची नोंदणी चालू आहे आणि जीत लेकरे बसणार आहेत, त्याची गाडी वाड्याच्या वर्गात आहे. आमची दुसऱ्या वर्गातली होती.

म्हणून आमच्या घरी पाच रेडियल आले. चढविण्यापूर्वी पाचही चाके खरवडून तपासली, तेव्हा एका चाकाच्या बोल्टाच्या भोकापाशी केसाएवढी भेग आढळली. ते चाक बाद करून दुसरे मिळविले. ही तपासणी दादांच्या आग्रहाने झाली, हे आवर्जून नमूद करतो. नव्याचा उत्साह पुतण्याचा, पण चाकाला काय सोसेल ही शंका जुन्या माणसाची होती, आणि ती खरी ठरली. दुसरेही एक त्यांचे म्हणणे आम्हांस खोटे म्हणवत नाही. पहिल्या फेरीनंतर ते गाडीतून उतरले आणि म्हणाले, "बरी चालते. पण आता बोलत नाही रे." जुना टायर पकड सोडण्यापूर्वी हळूहळू, कुरकुरत, सुकाणूतून हातास सूचना देई, रेडियल बराच वेळ मुकाट्याने धरून ठेवतो. उभ्या गाडीचे सुकाणू फिरविणेही जड झाले. बोळात गाडी वळविताना दादांचे मनगट भरून येई. मग पुतण्याने चाक किंचित फिरते ठेवून वळविण्याची सवय त्यांना लावली. शहात्तर वर्षांच्या माणसाने आपल्या भाच्या-पुतण्यांकडून सुकाणू धरावयास पुन्हा शिकावे, यात काय गिळावे लागते ते ज्याचे त्यास ठाऊक.

श्रावणात वाडीच्या वाटेवर, पावसाची झड असता, पुढचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह अचानक थांबला. गाडी सरळ रेषेत थांबली. मागे दोन नातवंडे आणि वहिनी होत्या. जुने टायर असते तर काय झाले असते, हे सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही, आणि दादांनीही त्याविषयी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते हवेचा काटा घेऊन स्वतः चारही चाकांपाशी बसले होते.

असो. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी आहे, त्यांस आमचे एवढेच सांगणे, की प्रथम ती कशासाठी ठेवली आहे हे घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावे. मग चाके तपासावी, मग टायर निवडावे. क्रम उलटा करू नये. जुन्याचा अभिमान आणि नव्याची हौस या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, परंतु चालकाच्या मागे कोण बसले आहे, हे दोन्हींस दिसत नाही. ते पाहणे आपले काम.